बाहेरून खाकरणारी माणसं

माझं माहेर शनिशिंगणापूरचं. हे सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "खरंच दारं नाहीत तुमच्याकडं?" नाहीत हो, नाहीत. चौकट आहे, दार नाही. मग लगेच दुसरा. "आणि चोरी होत नाही?" ह्या प्रश्नाला उत्तर देण्यात माझी हयात गेली आणि आता मला त्याचा वीट आलाय. चोरी न होण्याचं कौतुक ज्यांना असेल त्यांना असो बापडं. मला त्या घरातलं खाकरणं आठवतं.

आईनं चौकटीवर जुन्या लुगड्याचा पडदा लावला होता. रात्री कुत्रं शिरू नये म्हणून एक फळी आडवी टेकवायची, झालं. पण त्या पडद्याला परक्या माणसानं हात लावलेला मी कधी पाहिला नाही. शेजारीण विरजण मागायला आली तरी अंगणात थांबायची, घसा मोकळा केल्यासारखं खाकरायची आणि मग हाक मारायची, "हाय का गं कोन घरात?" आतून "ये" म्हटल्याशिवाय पाऊल उचलायची नाही. माझा चुलता तर रस्त्यापासूनच खाकरत यायचा. आई म्हणायची, "आलं बघ ढोल-ताशाचं पथक." हसून हसून आमची मुरकुंडी वळायची. पण तेवढ्यात आई पदर सारखा करून घ्यायची, मी पसरलेले पाय आवरायची, आणि तो बिचारा तोवर लिंबाच्या झाडाकडं बघत उभा असायचा. पडद्याकडं नाही, झाडाकडं.

एकदा शाळेत गणितात नापास झाले. घरी कोणी नव्हतं. पडद्याआड भिंतीला टेकून मी हमसून हमसून रडत होते, आणि बाहेर शेजारीण खाकरली. मी तोंडात ओढणी कोंबली. तरी तिला ऐकू गेलंच असणार. ती एक क्षण थांबली आणि आल्या पावली परत गेली. संध्याकाळी वाटीभर शेंगदाण्याचं कूट घेऊन आली, आईशी पावसापाण्याचं बोलली, माझ्याकडं बघून "काय गं, अभ्यास चाललाय ना?" एवढंच म्हणाली. तिनं ते आईला कधी सांगितलं नाही, मला कधी विचारलं नाही. माझ्या आयुष्यातलं पहिलं एकटीचं रडणं असं बिनदाराच्या घरात झालं.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढं जे झालं ते त्याशिवाय कळायचं नाही.

नोकरी मी सुप्याजवळच्या एका शाळेत केली. अकरावी-बारावीला मराठी शिकवायचे. आसपासच्या गावांतल्या पोरी यायच्या, त्यांचे बाप बहुतेक एमआयडीसीतल्या कंपन्यांत. निवृत्तीच्या आदल्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी मला नाटक बसवायला सांगितलं. दरवर्षी तेच ते हुंडा नाहीतर व्यसनमुक्ती. मी म्हटलं, मरू दे, ह्या वेळी मीच लिहिते.

लिहिलं ते एका काल्पनिक नगराविषयी होतं. त्या नगरात राजाच्या हुकमानं प्रत्येकाच्या गळ्यात घंटा बांधलेली असते. माणूस चालला की ती वाजते, म्हणजे कोण कुठं आहे ते पहारेकऱ्याला बसल्या जागी कळतं. कुणाची घंटा फार वेळ गप्प राहिली तर पहारेकरी घरात शिरून विचारतो, "गप्प का?" राजा दुष्ट नाही बरं का. तो सारखा म्हणत असतो, "तुमच्या भल्यासाठीच आहे रे बाबांनो." शेवटी एक मुलगी घंटा काढून ठेवते. पहारेकरी विचारतो, "मग तू कुठे आहेस ते आम्हाला कसं कळणार?" ती म्हणते, "मी कुठे आहे ते मला माहीत आहे. तेवढं पुरे." आणि वेशीबाहेर निघून जाते.

मला वाटलं होतं, पोरी घाबरतील, निदान गंभीर होतील. पहिल्या वाचनाला सगळ्या आपल्या शांत. मी विचारलं, "काय गं, आवडलं नाही का?"

एक म्हणाली, "आवडलं मॅडम. पन ह्यात विशेष काय हाय?"

"विशेष काय म्हणजे? अगं, गळ्यात घंटा!"

"आमच्याकडं मोबाईल हाय की. पप्पांना दिसतं मी कुठं हाय ते."

दुसरी म्हणाली, "माझा दादा माझं व्हॉट्सॲप त्याच्या फोनवर वाचतो." तिसरीनं सांगितलं की तिच्या चुलत्यानं गल्लीच्या तोंडाला कॅमेरा बसवलाय आणि ती कुणाशी बोलत उभी राहिली की जेवताना चौकशी होते. आणि मग ती कोपऱ्यातली, जिच्याविषयी मी हे लिहितेय, ती हसून म्हणाली, "मॅडम, तुमच्या नगरातली मान्सं लई सुखी हायेत. त्यांची घंटा निस्ती कुठं हाय तेवढंच सांगती. काय बोलले, काय लिवलं, ते न्हाई सांगत. आन झोपल्यावर तरी गप बसती."

सगळा वर्ग खो-खो हसला. मीही हसले, आणि घरी येऊन रात्रभर तळमळत राहिले. मी मेली कल्पनेची भरारी मारायला निघाले होते आणि पोरी त्या नगराच्या कधीच पुढं निघून गेल्या होत्या.

शेवटच्या प्रवेशातल्या मुलीचं काम मी तिलाच दिलं. उंच, सावळी, खणखणीत आवाजाची पोर. तिला पुण्याला जाऊन नर्सिंग करायचं होतं. त्याचं तिला वेड लागलं होतं म्हटलं तरी चालेल. वर्गात कुणाचं बोट कापलं तर हीच आधी धावायची. तिचा बाप कंपनीत पाळीवर जाणारा, कष्टाळू माणूस. शेजारच्या गावात एका मुलीच्या बाबतीत काहीतरी वाईट घडलं होतं, तेव्हापासून त्याच्या मनानं धास्ती घेतली होती. दहावीनंतर तो हिची शाळाच बंद करणार होता. मग त्यानं फोन घेऊन दिला आणि अट घातली की फोन कायम जवळ, कायम चालू, आणि तू कुठं आहेस ते मला दिसलं पाहिजे. वर्षभर त्याच्या फोनवरचा तो निळा ठिपका शाळा आणि घर, घर आणि शाळा करत राहिला. त्यावर खूश होऊन तो म्हणाला होता, "असंच नीट राह्यलीस तर पुन्याचं बघू."

म्हणजे तो ठिपकाच तिची बेडी होता आणि तोच तिचं तिकीट. हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी एकदा उगाच चिडून म्हटलं, "बंद करून टाक तो मेला फोन." तर म्हणाली, "न्हाई मॅडम. फोन हाय म्हनून शाळा हाय."

संमेलनाच्या दिवशी तिचा बाप पाळीवर होता. आई आली होती, पुढच्या रांगेत बसली होती. नाटकाच्या वेषाला खिसा नव्हता म्हणून पोरीनं फोन माझ्याकडं दिला, मी पर्समध्ये टाकला. नाटक झकास झालं. शेवटी तिनं गळ्यातली घंटा काढून रंगमंचावर ठेवली, ते वाक्य असं काही म्हटलं की मागं बसलेली दंगेखोर पोरंसुद्धा चिडीचूप झाली. मग ठरल्याप्रमाणे ती पायऱ्या उतरली, प्रेक्षकांतून चालत गेली आणि मंडपाच्या मागच्या बाजूनं बाहेर पडली. तिथून वळसा घालून पडद्यामागं यायचं होतं, नमस्काराला.

ती आलीच नाही.

आधी वाटलं, पाणी प्यायला गेली असेल. मग वर्ग पाहिले, मागची बाजू पाहिली. तिच्या आईनं माझा दंड धरला. "मॅडम, फोन लावा ना तिला." फोन माझ्याच पर्समध्ये. तेवढ्यात तो वाजला. बाप होता. त्याला काही कळलं नव्हतं, जेवणाच्या सुटीत सहज केला होता. मी उचलला तर म्हणाला, "झालं का मॅडम नाटक? मला शाळंतच दिसती, म्हनून म्हनलं संपलं नसंल." त्याच्या ठिपक्याच्या हिशेबानं पोरगी जिथल्या तिथं होती. मी काही बोलायच्या आत आईनं फोन ओढून घेतला आणि रडत सांगून टाकलं.

तो कंपनीच्या गणवेशातच मोटारसायकलवर आला. आम्ही सगळे तोवर रस्त्याला लागलो होतो. पोरगी सापडली ती पुणे-नगर रस्त्यावरच्या रसवंतीत. तोंडाला रंग फासलेला, अंगात नाटकातला झगा, आणि बाकावर बसून उसाचा रस पीत होती. चरकाला लावलेली घुंगरं छुनछुन वाजत होती. समोरून एसट्या जात होत्या, त्यांच्याकडं ती बघत होती. कुणाची वाट बघत नव्हती, कुठं पळून चालली नव्हती. घरी जायचं ठाऊक होतं तिला.

बाप गाडीवरून उतरला. मला वाटलं, आता मारतोय. मी मध्ये जाऊन उभीसुद्धा राहिले. पण त्यानं एवढंच विचारलं, "का गं?"

ती म्हणाली, "कुनालाच म्हाईत नव्हतं पप्पा, मी कुठं हाय ते. लई बरं वाटलं."

त्याचा चेहरा मी विसरणार नाही. म्हणाला, "आन मला काय वाटलं असंल?"

ग्लासात रस तसाच राहिला.

पुण्याचं सगळं त्या दिवशी संपलं. बारावीची परीक्षा त्यानं स्वतः गाडीवर नेऊन-आणून द्यायला लावली. मी त्याच्या घरी गेले आणि भांडले. माझा स्वभाव तसा तापटच, तोंडही फटकळ. म्हटलं, "अहो, एक ग्लास रस प्यायला पोरीनं, त्याची एवढी शिक्षा? आमच्या गावात घरांना दारं नाहीत, तिथं वाढले मी. माझ्या आईबापांनी कधी पाळत ठेवली नाही माझ्यावर. काय वाईट झालं माझं?"

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, तुमच्या गावाला चोर का येत न्हाई? देव बघतोय, ह्या भ्यानं. म्हंजी कुनीतरी बघतंयच की. मला देवाचं एवढं बळ न्हाई. माझ्याकडं मोबाईल हाय."

चहा पुढं आला, तो कसाबसा घशाखाली घातला आणि एसटीनं परत आले. वाटेत सगळी उत्तरं सुचली, नेहमीसारखी उशिरा. देव बघतो म्हणून तर माणसांनी बघायची गरज पडत नव्हती हो. ज्यानं बघायचं तो वर बसून बघेल, आपण आपलं झाडाकडं तोंड करून उभं राहावं, एवढंच काम होतं माणसांना. आता ते वरचं काम सगळ्यांनी हातात घेतलंय आणि खाकरणं सोडून दिलंय. हे त्याला सांगायला हवं होतं. पण सांगून त्याची भीती थोडीच गेली असती? ज्याच्या शेजारच्या गावात तसं घडलंय, त्याला मी झाडाकडं बघ म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?

त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. स्थळ श्रीरामपूरकडचं, बागायती, शहरात दुकान. सगळे म्हणाले, पोरीनं नशीब काढलं.

पुढं मी निवृत्त झाले आणि नगरला फ्लॅटमध्ये राहायला आले. इथं दाराला दार, त्याच्यापुढं जाळीचं दार, खाली वॉचमन. आणि इतकं सगळं असून माझ्या मुलानं पुण्याहून येऊन हॉलमध्ये कॅमेरा बसवला. "आई, तू एकटी असतेस." खरंय. एकदा घरात चक्कर येऊन पडले होते, त्याचा जीव घाबरला असणार. पण एका दुपारी मी सोफ्यावर बसून, का कोण जाणे, माझ्या आईच्या आठवणीनं रडत होते, तर लगेच फोन. "आई, काय झालं? रडतेस का?" किती प्रेमानं विचारलं त्यानं! आणि माझं रडणं तिथंच आटलं. मला ती शेजारीण आठवली, आल्या पावली परत गेलेली. आता मी आठवणी काढायला स्वयंपाकघरात जाते.

गेल्या दिवाळीनंतर एका लग्नासाठी श्रीरामपूरला गेले होते. तिथं कुणाकडून तरी कळून त्या नाटकातल्या पोरीचा फोन आला, "मॅडम, इतक्या जवळ आलाय तर या ना घरी." मी गेले. उसाच्या मधोमध नवाकोरा बंगला, मोठं लोखंडी फाटक. ओट्यापाशी पोचले आणि सवयीनं खाकरले. दार उघडंच होतं. ती आतून धावत आली, आणि उंबऱ्यावर थबकून माझ्याकडं बघतच राहिली.

"काय गं, ओळखलं नाहीस?"

"ओळखलं ना. खाकरलात तवाच ओळखलं. तुमी वर्गात सांगितलं हुतं तुमच्या गावचं." तिचे डोळे भरून आले होते, पण ती झटकन बेसिनपाशी गेली आणि तोंड धुऊन आली.

मी बसले न बसले तोच कुठूनसा आवाज आला. "कोन आलंय गं?"

मी इकडंतिकडं बघितलं. घरात कोणी नव्हतं. पोरीनं वर छताच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडं बघून पदर सारखा केला आणि म्हणाली, "माझ्या शाळंतल्या मॅडम हायेत, आई."

"व्हय का? बसा बसा मॅडम. आमी दुकानात हाओत, न्हाईतर भेट झाली असती. अगं, पोहे टाक त्यांना. नुसत्या च्यावर बोळवू नको." आवाज मायाळू होता. खरंच मायाळू. तोच मला जास्त लागला. शिव्या देणारी सासू असती तर मी दोन शब्द सुनावले असते.

स्वयंपाकघरातही तसाच एक डोळा होता, लाल टिकलीएवढ्या दिव्याचा. पोहे परतताना ती माझ्याशी बोलत होती, पण वर्गातला तो खणखणीत आवाज कुठं गेला कोण जाणे. चेहरा सरळ, ओठ जेमतेम हलत. मी नर्सिंगचं विचारलं नाही. तिनंही काढलं नाही. फक्त पोह्यांची बशी देताना माझ्या बोटावरचा जुना चटका बघून म्हणाली, "ह्याला पानी सोडत राहायचं हुतं मॅडम, हळद न्हाई लावायची." आणि लगेच कढई घासायला घेतली.

निघताना म्हणाली, "फाटकापर्यंत येते." ओट्यावरून उतरलो, पाण्याच्या टाकीच्या पलीकडं कडब्याची गंज रचलेली होती. तिथं आली आणि तिनं माझा हात धरून मला आडोशाला ओढलं.

"इथं दिसत न्हाई," म्हणाली.

मी तिच्याकडं बघत राहिले. तिनं कधीतरी हे सगळं अंगण पायानं मापून काढलं असणार, कुठून दिसतं, कुठवर दिसत नाही. बंगला, फाटक, ऊस, एवढा मोठा पसारा, आणि त्यात तिच्या मालकीची जागा दोन पेंढ्यांच्या रुंदीची.

"मॅडम," ती म्हणाली, "जरा पलीकडं तोंड करता का?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी पाठ फिरवली. समोर बांधावर लिंबाचं झाड होतं. मी त्या झाडाकडं बघत उभी राहिले. मागं ती रडायला लागली. आधी दबकत, मग मोकळं, लहान पोरीसारखं. मला वाटत होतं वळावं, जवळ घ्यावं, पाठीवरून हात फिरवावा. माझे हात नुसते शिवशिवत होते. पण तिनं ते मागितलं नव्हतं. तिनं जे मागितलं तेवढं देत मी झाड बघत राहिले आणि माझेही डोळे वाहत राहिले, ते तिनं पाहिले नाहीत.

तेवढ्यात घरातून तो आवाज आला. "अगं, कुठं गेलीस? फाटकात बी दिसंना."

मागचं रडणं तसंच चाललं होतं. तिला ऐकूच गेलं नव्हतं.

मी खाकरले.